परमुलखी अडकलेल्याचे पुस्तक

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गाने ते सत्तावनच्या बंडाचे साधन म्हणून तपासले. त्यातील तिथ्यांचा व ऐकीव वार्तांचा इंग्रजी कागदपत्रांशी कोठे मेळ बसतो, कोठे बसत नाही, याची छाननी केली. दुसऱ्या वर्गाने त्यात झाशीच्या राणीचे दर्शन घेतले आणि ते घडताच पुस्तक मिटले. दोन्ही वाचने आपापल्या परीने योग्यच आहेत. तथापि या ग्रंथाच्या पानापानांतून जो चालतो, उपाशी राहतो, लुटला जातो आणि पुन्हा चालू लागतो, तो पोटासाठी मुलूख सोडलेला एक सामान्य मनुष्य आहे. युद्धाने त्याची परतीची वाट बंद केली. अशा मनुष्यास परमुलखात जगविले कोणी, हा प्रश्न या पुस्तकास फारसा कोणी विचारलेला नाही. बदलीच्या हुकुमाने लखनौस येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींस मात्र तो प्रथम सुचावा, हे स्वाभाविक आहे.

मूळ हकीकत वाचकांच्या परिचयाची असेल. कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरी दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर वाटली जाणार, अशी वार्ता आली आणि १८५७ च्या आरंभी पुतण्या व काका उत्तरेस निघाले. या प्रवासास तीर्थयात्रेचे नाव शोभेल. पण त्याचे कारण शुद्ध आर्थिक होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते रोजगारासाठी स्थलांतर होते. महूच्या छावणीपाशी पोचतात तोच शिपाई येऊ घातलेल्या उत्पाताची कुणकुण त्यांच्या कानी घालतात. येथून पुढे दक्षिणेचा हिशेब आणि जिवाचा हिशेब एकाच वहीत मांडला जाऊ लागतो. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीस येतात आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या वेढ्यात सापडतात. शहर पडल्यावरची कत्तल, लूट आणि चौकाचौकांतून पेटलेली प्रेते त्यांनी पाहिली. जमविलेले द्रव्य गेले. पुढेही ते एकाहून अधिक वेळा लुटले गेले. काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी अशी वणवण करून भटजी अखेर घरी पोचले ते धन घेऊन नव्हे, तर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. या दीर्घ काळात त्यांना अन्न व आसरा मिळाला तो कोठून? पुस्तक लक्षपूर्वक वाचले तर उत्तर स्पष्ट दिसते. उत्तर हिंदुस्थानात त्या काळी दक्षिणी घराण्यांची एक साखळीच होती. ग्वाल्हेरास शिंदे, झाशीस नेवाळकर, ब्रह्मावर्तास १८१८ नंतर आणून ठेवलेल्या दुसऱ्या बाजीरावाचा परिवार, चित्रकूटजवळ करवी येथे अमृतरावाचे वंशज. या प्रत्येक ठिकाणी दक्षिणी कारकून, आश्रित, पुराणिक आणि आचारी यांची वस्ती जमलेली. कोकणातून आलेल्या अनोळखी भिक्षुकाने गाव, गोत्र व शाखा सांगितली की ओटीवर जागा आणि पंक्तीत पान मिळे. ती व्यवस्था कोणी कायद्याने केलेली नव्हती. परंतु तिचे नियम सर्वांस ठाऊक होते.

आणि येथेच या कथेतील खरी शोकांतिका आहे. ज्या युद्धाने भटजींना अडकविले, त्याच युद्धाने त्यांना पोसणारी घरे उद्ध्वस्त केली. ब्रह्मावर्ताचा वाडा जळाला, झाशी लुटली गेली, १८५८ मध्येच करवीचा खजिना इंग्रजी फौजेच्या हाती पडला. एकेका मुक्कामी पोचावे, तो तेथील आश्रयदाताच परागंदा झालेला! युद्धात माणसे मरतात हे सर्व इतिहासकार सांगतात. परंतु युद्धात अन्नछत्रेही मरतात, हे सत्य या पुस्तकाइतके प्रत्ययास आणून देणारे दुसरे मराठी लेखन आमच्या पाहण्यात नाही. भटजी तसे सूत्र मांडीत नाहीत. ते केवळ कोठे जेवलो, कोठे उपाशी राहिलो, एवढे प्रामाणिकपणे सांगत जातात, आणि सूत्र आपोआप उभे राहते.

विहिरीवरचा सुप्रसिद्ध प्रसंगही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी काल्पीच्या परिसरात विहिरीपाशी येते. भटजी मडके घेऊन पाणी काढावयास पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपणासाठी पाणी शेंदू नये, म्हणून ती त्यांना थांबविते आणि स्वतःच पाणी काढून घेते. टीकाकारांना यात राणीची विनयशीलता दिसली आणि ती आहेच. आम्हांस त्याहून अधिक एक गोष्ट जाणवते. काही दिवसांपूर्वी जी दाती होती आणि जो याचक होता, ती दोघे आता एकाच विहिरीच्या काठावर, सारखीच निराधार, उभी आहेत. मदत करण्यास निघालेला आहे तो याचक.

लखनौच्या वाचकास येथे दुसरे एक चित्र आठवल्यावाचून राहणार नाही. १८५७ च्या नोव्हेंबरात सर कॉलिन कँपबेलने रेसिडेन्सीत कोंडलेल्या गोऱ्या बायकामुलांना सोडवून कानपूरच्या वाटेने सुरक्षित प्रदेशात पाठविले. त्या आधीच, ऑगस्टमध्ये, लंडनमध्ये बंडपीडितांसाठी साहाय्यनिधी उघडला गेला होता. विपत्तीत सापडलेल्यांची यादी करावी, वर्गणी जमवावी, त्यांना घरी पोचवावे, ही पद्धती राज्यकर्त्यांस अवगत होती. मात्र १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ पुन्हा जिंकल्यावर जी प्रजा शहर सोडून पळाली आणि नेपियरच्या योजनेप्रमाणे रस्ते काढताना ज्यांची घरे पाडली गेली, त्यांच्यासाठी असा निधी कोणी उघडल्याचे दिसत नाही. साहाय्याची यंत्रणा होती. तिची सीमा कातडीच्या रंगापाशी संपत होती.

परंतु हा दोष केवळ परक्यांच्या पदरी घालून आपणांस मोकळे होता येणार नाही. भटजींना मिळालेल्या आश्रयाची सीमाही ठरलेली होती. गोत्र सांगता येत होते म्हणून पान मिळाले. ज्याला गोत्र सांगता येत नव्हते, अशा हमालाचे, भोयाचे, मोतद्दाराचे काय झाले? तेही मालकांबरोबर मुलूख सोडून आले होते. त्यांचीही वाट बंद झाली होती. अशी माणसे या पुस्तकात दिसतात, पण त्यांचे म्हणणे क्वचितच ऐकू येते. या पुस्तकाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ही त्याची मर्यादा स्पष्टपणे नोंदविणे टीकाकाराचे कर्तव्य आहे.

तुलनेसाठी त्याच काळातील युरोपातील एक उदाहरण घेऊ. झाशी पडल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने, १८५९ च्या जूनमध्ये, जिनिव्हाचा हेन्री ड्यूनां हा गृहस्थ आपल्या धंद्याच्या कामासाठी उत्तर इटलीत गेला असता सोल्फेरिनोच्या रणांगणापाशी येऊन पोचला. तोही पोटापाण्याच्या उद्योगास निघालेलाच मनुष्य. जखमींची दैना पाहून त्याने १८६२ मध्ये स्वखर्चाने एक लहान पुस्तक छापले, आणि पुढल्याच वर्षी रेडक्रॉसच्या समितीचा जन्म झाला. आमच्या भटजींनी सुमारे १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आपली हकीकत लिहिली. ती भाषा नीटनेटकी करून वैद्यांनी छापली १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती निघावयास १९६६ साल उजाडले. एका पुस्तकातून संस्था निघाली, दुसरे दप्तरात पडून राहिले. पारतंत्र्याचे भय हे याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की ड्यूनांने जखमी कोणत्या पक्षाचा, हे विचारू नये असा आग्रह धरला, आणि आमच्याकडे कोण कोणाचा, हा प्रश्न पंक्तीच्या आरंभीच विचारला जात होता.

ज्यांना हे पुस्तक मराठीबाहेर कसे पोचले हे ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचा हिंदी अवतार 'आँखों देखा ग़दर' हा लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागर यांनी सिद्ध केला. पुढे बंडाच्या शताब्दीच्या, म्हणजे १९५७ च्या सुमारास, त्याच नागरांनी अवधातील गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या आणि 'ग़दर के फूल' हे पुस्तक लिहिले. गोडसे भटजींच्या पुस्तकात ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, त्यांच्या नातवापणतवांपाशी जाऊन बसण्याचे काम अशा रीतीने एका लखनौकराने केले. वरसईच्या भिक्षुकाचे अपुरे राहिलेले कार्य त्याने आपल्या परीने पुढे नेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. त्यांनी २०२० च्या उन्हाळ्याकडे पाहावे. तेव्हा युद्ध नव्हते, साथ होती. पण वाटा तशाच बंद झाल्या होत्या. २ मे रोजी नाशिक रोडहून निघालेली श्रमिकांची विशेष गाडी ३ मे रोजी लखनौच्या चारबाग स्थानकात आली. त्या गाडीतून उतरलेले लोक भटजींच्या उलट वाटेचे प्रवासी होते: उत्तरेकडून पोटासाठी महाराष्ट्रात गेलेले आणि तेथे अडकलेले. गाडी सुटण्यापूर्वी रस्त्यावर अडविलेल्या किती जणांना आपल्या मुलखात ओटी व पान मिळाले, आणि किती जणांना गाव-गोत्राची चौकशी ऐकावी लागली, हा हिशेब प्रत्येक मराठी माणसाने स्वतःशी करावयाचा आहे.

आमचे बहुतेक वाचक सरकारी सेवेतील. पूर आला, दंगल झाली, तर साहाय्याच्या याद्या त्यांच्याच मेजावर तयार होतात. अशा वाचकांस 'माझा प्रवास' हे केवळ अभिमानाचे पुस्तक म्हणून वाचणे परवडणारे नाही. यादीत ज्याचे नाव सहज येते, त्याची ही कथा आहे. आणि ज्याचे नाव सुटते, त्याची रिकामी जागाही याच कथेत आहे. दोन्ही वाचता आल्या तरच ते पुस्तक पुरते वाचून झाले, असे आम्ही समजतो.