भ्रम की प्रत्यय? : जोसेफ अल्बर्स यांचे चौरस

भौमितिक अमूर्त चित्रकलेची चर्चा बहुधा ‘दृष्टिभ्रम’ या संज्ञेपाशी येऊन थांबते. भ्रम म्हटला की त्यामागे दडलेले सत्य गृहीत धरले जाते. दोरी ओळखली की साप नाहीसा होतो, तसे. जोसेफ अल्बर्स (१८८८-१९७६) यांची ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही चित्रमालिका या गृहीतकालाच छेद देते.

१९५० साली सुरू होऊन अल्बर्स यांच्या मृत्यूपर्यंत चाललेल्या या मालिकेत हजारांहून अधिक चित्रे आहेत. एकात एक बसविलेले तीन किंवा चार चौरस, तेही खालच्या कडेकडे सरकलेले, एवढीच त्यांची रचना. ती जवळजवळ स्थिर राहते. पालटतो तो रंग. हार्डबोर्डवर सुरीने पसरलेला हा रंग बहुधा नळीतून थेट घेतलेला असतो आणि त्याचे नाव चित्राच्या पाठीवर नोंदलेले असते. लपविण्याजोगे येथे काहीच नाही. तरीही एखाद्या चित्रातील आतला चौरस पुढे येतो, दुसऱ्यातील खोल जातो. केवळ शेजारी-शेजारी लावलेले रंग एकमेकांवर पसरलेल्या पारदर्शक पडद्यांसारखे भासतात.

शेजारच्या रंगांमधील भेद डोळा वाढवून पाहतो, हा नियम शेव्हरल यांनी १८३९ मध्येच मांडला होता. अल्बर्स यांचे वेगळेपण या नियमाच्या कलात्मक परिणतीत आहे. एकच करडा रंग काळ्यावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद दिसतो. दोन्हीकडे रंग एकच आहे हे कळल्यानंतरही तो तसाच दिसत राहतो. येथे ज्ञानाने भ्रम फिटत नाही. ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ (१९६३) या ग्रंथात अल्बर्स रंगाची भौतिक वस्तुस्थिती आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम यांत भेद करतात, तो याच अर्थाने. हा परिणाम केवळ रंगद्रव्यात नसतो. तो पाहणाऱ्याच्या लहरीवरही अवलंबून नसतो. रंगसंबंध आणि दृष्टी यांच्या भेटीतच तो घडतो.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ या प्रदर्शनात अल्बर्स यांची चित्रे होती. तेव्हा रूढ झालेल्या ‘ऑप’ या शिक्क्याखाली मात्र डोळे दिपविणारी चमत्कृती आणि पाहण्याची क्रियाच संथपणे उलगडणारी ही चित्रे यांतील अंतर पुसट झाले. ते स्पष्ट करावयाचे तर अशा चित्रांसंबंधी ‘भ्रम’ ही संज्ञा सोडून ‘प्रत्यय’ ही संज्ञा स्वीकारावी लागेल. साहित्यसमीक्षेलाही हा विचार परका नाही: शेजारच्या शब्दांमुळे शब्दाला येणाऱ्या अर्थच्छटेला ती भ्रम म्हणत नाही, कवितेचा अर्थ शोधताना ती त्या छटेचाच आधार घेते.