तरुण कुत्र्याची परीक्षा व तिचें वाङ्मय

कोणत्याहि कलेची परीक्षा दोन रीतींनीं करतां येते. एक रीत बेरजेची : समोर आलेल्या कृतींत जें चांगलें दिसेल तें मोजीत जावें. दुसरी वजाबाकीची : पूर्णत्वाची कल्पना आधीं मनांत धरावी व जेथें उणें आढळेल तेथें गुण कापीत जावें. आमच्या साहित्यशास्त्रांत हा वाद जुनाच आहे. मम्मटानें काव्याचें लक्षण सांगतांना शब्द व अर्थ दोषरहित असावेत अशी अट घातली. त्यावर साहित्यदर्पणकार विश्वनाथानें आक्षेप घेतला कीं, ही अट कडकपणें पाळूं गेल्यास जगांत काव्य फारच थोडें उरेल, किंबहुना उरणारच नाहीं. पंडितांचा हा वाद ग्रंथांत राहिला. परंतु मेंढपाळाच्या कुत्र्यांच्या चढाओढींत तोच प्रश्न उघड्या माळावर उभा राहतो, आणि तरुण कुत्रा घेऊन उतरणाऱ्यास तो विशेष झोंबतो. या चढाओढींवर इंग्रजींत बरेंच लिहिलें गेलें आहे. त्या वाङ्मयानें या प्रश्नाचा निवाडा कसा केला, आणि बोरघाटाच्या पायथ्याशीं, कर्जत-खालापुरच्या बाजूस, धनगरांची वाट डोळ्यांसमोर असलेल्या मराठी वाचकास त्यापासून काय घेतां येईल, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम परीक्षेचें स्वरूप ध्यानांत घेऊं. वेल्समधील बाला या गांवीं ९ ऑक्टोबर १८७३ रोजीं झालेली चढाओढ ही ब्रिटनमधील पहिली मानली जाते. ती जिंकली मात्र एका स्कॉट माणसाच्या ट्वीड नांवाच्या कुत्र्यानें. पुढें १९०६ सालीं 'इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी' ही संस्था निघाली. या परीक्षेंत मालक एका खुंटापाशीं उभा राहतो व शेंकडों यार्डांवर कांहीं मेंढ्या सोडलेल्या असतात. कुत्र्यानें मोठा वळसा घेऊन त्यांच्या पाठीमागें जावें. त्यांस न भेदरवितां हलवावें. सरळ रेषेंत मालकाकडे आणावें. मग त्याच्यापासून दूर, फाटकांतून हांकीत न्यावें. सांगितलेल्या मेंढ्या कळपांतून वेगळ्या काढाव्या व शेवटीं सर्वांस लहानशा कोंडवाड्यांत घालावें. वळशास २०, हलविण्यास १०, आणण्यास २०, हांकण्यास ३०, वेगळ्या काढण्यास १० व कोंडण्यास १०, अशी १०० गुणांची एक रूढ वांटणी आहे. परीक्षक हे गुण देत नाहीं. ते आरंभींच सर्वच्या सर्व कुत्र्याच्या पदरांत असतात. चूक होईल तसतसा तो ते काढून घेतो. वजाबाकीची याहून चोख पद्धति मम्मटासहि सुचली नसती.

या पद्धतींत तरुण कुत्रा मार खातो तो बुद्धि कमी म्हणून नव्हे. त्याचे उत्तम गुणच त्याचे दोष होऊन बसतात. पायांत वेग असतो. म्हणून वळसा अरुंद होतो व तो पाठीमागें पोंचण्यापूर्वींच मेंढ्या उधळतात. नजरेंत जोर असतो. म्हणून मेंढीवर दृष्टि खिळली कीं तो जागच्या जागीं थिजतो व शीळ त्याच्या कानांत शिरत नाहीं. मेंढ्यांस वळसा घालून त्या मालकाकडे आणणें ही त्याची उपजत बुद्धि आहे. मालकापासून दूर हांकीत नेणें ही त्या बुद्धीच्या उलट गोष्ट. आणि सर्वांत अधिक, म्हणजे ३० गुण, नेमके तिलाच ठेवलेले. मेंढ्या वेगळ्या काढण्याचेंहि तसेंच : जो कळप एकत्र राखण्यासाठीं तो जन्मला, त्यांतच शिरून तो फोडावयाचा. शिवाय माळ परका, मेंढ्या परक्या, भोंवतीं माणसांची गर्दी. जुना कुत्रा या अडचणी अनुभवानें निभावून नेतो. मालकाची शीळ क्षणभर उशिरां आली तरी मेंढीचें तोंड कोणीकडे वळणार हें ओळखून तो स्वतःच सांवरून घेतो. तरुण कुत्र्यास हें साधत नाहीं. तो आज्ञा ऐकतो आणि मालकाची चूक जशीच्या तशी माळावर उतरवितो. म्हणून ही परीक्षा नांवानें कुत्र्याची असली तरी वास्तविक माणसाच्या संयमाची आहे. वर्षभर घाई न केलेला मालक येथें ओळखूं येतो, आणि घाई केलेला तर पहिल्या मिनिटांतच.

मग ही वजाबाकी अन्याय्य म्हणावी काय? काव्याच्या बाबतींत आम्ही विश्वनाथाच्या बाजूचे आहों. एखादी ओळ लंगडली म्हणून सबंध कविता टाकून देणारा टीकाकार आम्हांस रसिक वाटत नाहीं. परंतु येथें आम्हांस मम्मटाचा पक्ष घेणें भाग पडतें. सदोष ओळीचा भार वाचकाच्या कानावर पडतो. सदोष धांवेचा भार मेंढीच्या काळजावर पडतो. परीक्षकानें कापलेला प्रत्येक गुण म्हणजे त्या मुक्या जनावराच्या भयाची नोंद होय. नॉर्थंबरलंडच्या ॲडम टेल्फर याचा १८९३ सालीं जन्मलेला हेंप हा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉली जातीचा मूळपुरुष मानला जातो. त्याची ख्याति झाली ती आरडाओरड न करतां, केवळ नजरेच्या धाकानें मेंढ्या हलविण्याबद्दल. म्हणजे या कलेंत शांतता हा अलंकार नसून प्राण आहे. तरुणास न्याय द्यावयाचा तो नियम सैल करून नव्हे, तर त्याचें वय ओळखून. इंग्लंड-स्कॉटलंडांत हिंवाळ्यांत तरुण कुत्र्यांच्या निराळ्या चढाओढी भरतात त्या याचसाठीं. आमच्या बैलगाड्यांच्या शर्यतींतहि दुधाचे दांत न पडलेला खोंड 'आदत' व दोन दांतांचा 'दुसा' असे वर्ग पाडतात. या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस पुन्हा परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यांविषयींचा राज्याचा कायदा मान्य केला. त्या सबंध वादाच्या मुळाशीं प्रश्न हाच होता कीं, चढाओढीची किंमत कोणतें जनावर देतें.

आतां वाङ्मयाकडे वळूं. तरुण कुत्र्याचें सर्वांत खरें चित्र, आमच्या मतें, चढाओढी सुरू होण्याच्या कितीतरी आधीं काढलें गेलें. एट्रिकचा मेंढपाळ-कवि जेम्स हॉग (१७७०–१८३५) यानें 'शेफर्डस् कॅलेंडर' या १८२९ सालच्या ग्रंथांत आपल्या सिरा या कुत्र्याची हकीकत दिली आहे. दोरीनें बांधून नेला जाणारा हा हडकुळा कुत्रा हॉगनें एक गिनी देऊन विकत घेतला. तो जेमतेम वर्षाचा होता व त्यानें जन्मांत एकहि मेंढी वळविली नव्हती. परंतु हें आपलें कर्तव्य आहे व यानें मालक संतुष्ट होतो हें उमगतांच तो कोणत्या आतुरतेनें शिकूं लागला, हें हॉग सांगतो. याच सिरानें पुढें मध्यरात्रीं तीन वाटांनीं फुटलेलीं सुमारें ७०० कोंकरें अंधारांत एकट्यानें जमविलीं व सकाळीं एका घळींत सांभाळून धरलेलीं दाखविलीं. त्यांत एकहि कमी नव्हतें. हॉगचें मोठेपण हें कीं, त्यानें हा चमत्कार शिकण्याच्या हकीकतीनंतर ठेवला. त्यामुळें वाचकास आश्चर्य वाटतें, पण तें आकाशांतून पडल्यासारखें वाटत नाहीं. तेथें परीक्षक नाहीं, टाळ्या नाहींत, प्याला नाहीं. फक्त काम आहे.

आल्फ्रेड ऑलिव्हंट याची 'औड बॉब' ही १८९८ सालची कादंबरी मात्र चढाओढीवरच उभारलेली आहे. 'औड' म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलींत म्हातारा. एका बाजूस मूर या सज्जन शेतकऱ्याचा बॉब. दुसऱ्या बाजूस मॅकॲडम या कडवट, एकाकी स्कॉट माणसाचा रेड वुल. मध्यें मेंढपाळांचा मानाचा प्याला, आणि रात्रीं मेंढ्या मारणाऱ्या अज्ञात कुत्र्याचें रहस्य. कथा वाचकास शेवटपर्यंत ओढून नेते. तरीहि आमचा तिच्यावर एक आक्षेप आहे. ऑलिव्हंट कौशल्याचें रूपांतर शीलांत करतो : चांगल्या माणसाचा कुत्रा चांगला, वाईट माणसाचा कुत्रा अखेर खुनी. एकदां असें ठरलें कीं मेंढ्यांस कथेंत कांहीं काम उरत नाहीं; त्या केवळ जिंकण्याचें किंवा मरण्याचें साधन होतात. माळावर कुत्रा कोठें थांबला व कां थांबला हें पाहण्याची वाचकास गरजच राहत नाहीं, कारण निकाल त्याच्या मनांत आधींच लागलेला असतो. मॅकॲडमचें आपल्या कुत्र्यावरील प्रेम तेवढें खरें उतरलें आहे, आणि कादंबरी टिकली असेल तर त्याच बळावर. डिक किंग-स्मिथ याच्या 'द शीप-पिग' या १९८३ सालच्या बालकथेंत, जिच्यावरून १९९५ सालीं 'बेब' हा चित्रपट निघाला, एक डुकराचें पिल्लूच चढाओढींत उतरतें व मेंढ्यांशीं सभ्यपणें बोलून जिंकतें. हा विनोद आहे खरा. पण मेंढीलाहि मत असतें ही गोष्ट गंभीर ऑलिव्हंटपेक्षां या विनोदी लेखकास अधिक कळली, असें म्हणणें प्राप्त आहे.

मराठींत पाहावें तों कुत्र्याचा मान मोठा, पण तो कामाचा नव्हे. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा ही धर्माची कसोटी. खंडोबाचा कुत्रा व त्याच्या नांवानें भुंकणारा वाघ्या ही भक्तीची खूण. रायगडावरील वाघ्या, ज्याच्या ऐतिहासिकतेविषयीं वाद आहे, तो स्वामिनिष्ठेचा पुतळा. तिन्ही ठिकाणीं कुत्रा कशाचें तरी प्रतीक आहे. तो काय करतो व तें करावयास कसा शिकला, हें कोणी विचारीत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नें १९५५ सालीं माणदेशच्या धनगरांचें जीवन कादंबरींत आणलें, हें तिचें ऋण मोठें आहे. त्या वाटेनें घाट उतरून कोंकणांत येणारें मराठी गद्य मात्र विरळा.

आणि धनगर तर येतात. कर्जत-खालापुरच्या डोंगरउतारांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत; ते गाई-म्हशी पाळतात, कारण येथील पावसाची ओल मेंढीच्या खुरास सोसत नाहीं. भाताची कापणी झाली कीं घाटावरचे मेंढके मेंढरें घेऊन कोंकणांत उतरतात, शेतकऱ्यांच्या खाचरांत खतासाठीं मेंढ्या बसवितात, त्याबद्दल धान्य किंवा पैसा घेतात व पावसाळ्यापूर्वीं माघारी फिरतात. त्यांचा कुत्रा बालाच्या माळावरील कुत्र्यासारखा मेंढ्या वळवीत नाहीं. मेंढ्या मेंढक्याच्या हांकेनें चालतात; कुत्रा राखण करतो. त्याची परीक्षा रात्रीं असते. जाळ्याच्या कुंपणाभोंवतीं जागत राहावें, बिबट्याची चाहूल ओळखावी, वाटसरूवर उगीच धांवूं नये, आणि कितीहि खेळकर वय असलें तरी कोंकराच्या मागें लागूं नये. येथेंहि तरुणाची अडचण तीच आहे : त्याचा उत्साह हाच त्याचा शत्रु.

यावरून कोणी येथें परदेशी नमुन्याची चढाओढ भरवावी असें सुचवील, तर आम्ही त्यास विरोधच करूं. राखणीच्या कुत्र्यास वळशाचे २० गुण लावणें म्हणजे धनगरी ओवीस शार्दूलविक्रीडिताच्या मापानें मोजणें होय. त्या मापांत ती लंगडीच ठरेल, आणि दोष मापाचा असून बोल मात्र ओवीला लागेल. वजाबाकी करावयाची तर कशांतून, हें त्या त्या कामानेंच ठरविलें पाहिजे.

परंतु दुसरें एक काम लेखकांच्या हातचें आहे, व त्यास वेळ थोडा उरला आहे. २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुर तालुक्यांतून जातो. शेतघरें व वसाहती वाढत आहेत. ज्या खाचरांत मेंढ्या बसत तीं भरावाखालीं जात आहेत. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढतांना जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ लागतें. बोरघाटाची वाट इंग्रज इंजिनियरांस या धनगरानें दाखविली व त्याबद्दल प्राण गमावला, अशी लोककथा आहे. घाटांतून १८६३ सालीं आगगाडी गेली. वाट नकाशांत गेली, आणि वाट जाणणाऱ्याचें नांव तेवढें देवळांत राहिलें. कुत्रा शिकविण्याच्या विद्येचेंहि असेंच होऊं नये. तिला प्याला नको, पुतळा नको. एक वर्षाचा कुत्रा पहिल्यांदा घाट उतरतो तेव्हां मेंढका त्यास काय म्हणतो, कोठें थांबवितो, कोणती चूक पोटांत घालतो व कोणती घालीत नाहीं, एवढें कोणी हॉगच्या सचोटीनें मराठींत लिहून ठेवील तर आमच्या गद्यांतली एक उणीव भरून निघेल. त्या लिखाणांत दोष असतील. पण त्याची परीक्षा आम्ही विश्वनाथाच्या रीतीनें करूं.