प्रयोगशाळेतील मन आणि अभिधम्मातील चित्त

‘भगवान बुद्ध हे जगातील पहिले मानसशास्त्रज्ञ होत’ हे विधान आपल्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून इतक्या वेळा केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. त्यामागील आदर समजण्यासारखा आहे. परंतु मानसशास्त्र हे शास्त्र म्हणून कसे उभे राहिले आणि अभिधम्माचे प्रयोजन काय, हे दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवले म्हणजे या विधानातील उणीव ध्यानात येते.

या तुलनेला विद्वत्तेचे अधिष्ठान मिळाले ते कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यामुळे. १९०० साली त्यांनी धम्मसंगणीचा इंग्रजी अनुवाद केला आणि शीर्षकातच त्या ग्रंथाला मानसशास्त्रीय नीतीचे हस्तपुस्तक म्हटले. पुढे १९१४ मध्ये ‘बौद्ध मानसशास्त्र’ या विषयावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आला. पालि अभ्यासावर त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र ज्या शास्त्राचे नाव त्यांनी अभिधम्माला दिले, ते शास्त्र त्या वेळी युरोपात नुकतेच आकार घेत होते. नावाबरोबर त्याचे मापही आपल्याकडे आले.

ते माप कोणते? १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ यांनी मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. १८६० मध्ये फेख्नर यांनी उद्दीपन आणि संवेदन यांच्यातील नाते गणिताने मांडले. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली आणि तेच वर्ष या शास्त्राचे जन्मवर्ष मानले जाऊ लागले. मनाचा विचार तेव्हा प्रथमच झाला, असे नव्हे. एकाने केलेले निरीक्षण दुसऱ्याला त्याच परिस्थितीत पुन्हा करून पाहता यावे, ही अट नवी होती. प्रयोगाची मर्यादाही वुंट जाणून होते. भाषा, पुराणकथा आणि रूढी यांतून प्रकटणाऱ्या मनासाठी त्यांनी १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले. पाठ्यपुस्तके प्रयोगशाळेचे साल सांगतात, हे खंड मात्र विसरतात.

पुढील पंथांचा इतिहास हा एकमेकांच्या उणिवा दाखविण्याचा इतिहास आहे. टिचनर यांच्या रचनावादाने अनुभवाचे घटक शोधले आणि मूलभूत संवेदनांची संख्या ४४ हजारांहून अधिक सांगितली. प्रतिमेविना विचार होतो की नाही, या प्रश्नावर मात्र वुर्झबर्गचे निरीक्षक एक सांगत, तर टिचनर यांचे दुसरे. दोघांचेही साधन अंतर्निरीक्षणच असल्याने निवाडा करणार कोण? विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये जाणिवेला वाहत्या प्रवाहाची उपमा दिली. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये उद्दीपन व प्रतिक्रिया यांची फारकत नाकारली. कार्यवादाचा पाया असा घातला गेला. १९१२ मध्ये वेर्थायमर यांनी समग्राचा अनुभव घटकांच्या बेरजेतून निघत नाही, हे दाखविले. १९१३ मध्ये वॉटसन यांनी जाणिवेलाच शास्त्राबाहेर काढून केवळ वर्तन ठेवले. दरम्यान फ्रॉइड यांनी नेणिवेचा शोध रुग्णाच्या बोलण्यातून चालविला होता. मॅस्लो आणि रॉजर्स यांच्या मानवतावादी पंथाला व्यक्तीची वाढ महत्त्वाची वाटली, तर १९५० नंतरच्या बोधनिक मानसशास्त्राने स्मृती, अवधान व विचार यांना पुन्हा शास्त्रात आणले.

आता अभिधम्माकडे पाहू. अनुरुद्धाचार्यांच्या अभिधम्मत्थसंगहात चित्ते ८९ आहेत: अकुसल १२, कुसल २१, विपाक ३६ आणि किरिया २०. टिचनर यांची गणना संवेदनेच्या गुणावरून होते, तर येथे विभागणीच्या मुळाशी कर्म आणि त्याचे फळ आहे. ५२ चेतसिकांतही लोभ, दोष, मोह यांना मिळालेले स्थान केवळ वर्णनासाठी नाही, प्रहाणासाठी आहे. टिचनर यांचा निरीक्षक प्रशिक्षित असे, पण त्याने बदलावे अशी अपेक्षा नव्हती. विपश्यनेत पाहणाऱ्याचे परिवर्तन हेच पाहण्याचे प्रयोजन आहे. म्हणून अभिधम्माला ‘आद्य मानसशास्त्र’ म्हणण्याने त्याचा गौरव होत नाही. त्याचा मूळ प्रश्नच झाकला जातो.

हा भेद केवळ पंडिती नाही. १९०५ मध्ये बिने व सिमोन यांनी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. शाळेत ज्या मुलांना अधिक साहाय्य हवे, ती ओळखणे हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली व अचल असते, या मताला बिने यांचा विरोध होता. तरीही अमेरिकेत तेच माप वंशांची उतरंड लावण्यासाठी वापरले गेले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या चाचण्यांवरून कार्ल ब्रिघम यांनी १९२३ मध्ये ‘नॉर्डिक’ वंशाचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा हा व्यवहार आपल्या वाचकांना अपरिचित नाही. येथे त्याने आकड्यांचे वस्त्र पांघरले होते, इतकेच.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३० मध्ये ब्रिघम यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. आधार उघड मांडलेले असतात म्हणूनच ते तपासता येतात आणि चूक दाखविता येते. जन्माधिष्ठित श्रेष्ठत्व सांगणाऱ्या धर्मशास्त्रांत अशी सोय नव्हती. मात्र चूक उघडकीस येईपर्यंत झालेली हानी ही सोय भरून काढू शकत नाही. माप कशासाठी आणि कोणाच्या हितासाठी, हा कुसल-अकुसलाचा प्रश्न मोजणीच्या आधीच विचारावा लागतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूई तेथे त्यांचे शिक्षक होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मनाला केंद्रस्थान दिले आणि बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धिसंगतीची कसोटी सांगितली. ती कसोटी आपल्या अभिमानाच्या विधानांनाही लावली पाहिजे. बुद्धांना पहिले मानसशास्त्रज्ञ ठरविण्यापेक्षा आजच्या मानसशास्त्राचे प्रयोग डोळसपणे वाचावेत आणि त्यांना अभिधम्माचा प्रश्न विचारावा. अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते.