गीतरामायण : सामूहिक श्रवणाचा अनुभव

नभोवाणीवरील संगीत एकट्याने ऐकतानाही आपण ते अनेकांसह ऐकत आहोत, अशी जाणीव श्रोत्याला होते. या जाणिवेचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने त्यातील ५६ गीते वर्षभर, आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित केली.

या यशाचे श्रेय सामान्यतः रामकथेवरील श्रद्धेला आणि चालींच्या गोडव्याला दिले जाते. ते योग्य असले तरी अपुरे आहे. कथा सर्वांना ठाऊक होती; पुढचे गीत मात्र श्रोत्यांना अपरिचित होते आणि ते ठरलेल्या वेळीच ऐकावे लागे. ही सामायिक प्रतीक्षा हाच त्या समूहभावाचा पाया होय. अर्थात, रेडिओसंच तेव्हा मोजक्या घरांतच होते. त्यामुळे ‘अवघ्या महाराष्ट्राने ऐकले’ हे विधान अतिशयोक्तीचे ठरते.

दुसरा मुद्दा स्वरांचा. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे आदी अनेक गायक होते. पुढे जाहीर कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका यांतून फडके यांचा एकच स्वर रूढ झाला व मूळची बहुस्वरता विस्मरणात गेली.

आज गीतरामायण हवे तेव्हा ऐकता येते. परंतु हाती येते ती कलाकृती, तो प्रसंग नव्हे. म्हणून त्याची समीक्षा शब्द व चाल यांपुरती न राहता प्रसारणाचीही व्हावयास हवी.