ठासणीच्या बंदुकीचें बूड व त्याची निगा : दोन ग्रंथांचें व एका नळीचें परीक्षण

ज्या घरांत जुनें दप्तर सांपडतें, त्याच घरांत पुष्कळदां एखादी ठासणीची बंदूकही सांपडते. दप्तराचा रुमाल सोडतांना संशोधक हात जपून चालवितो. कसर हलकेच झटकतो, घडी मोडूं देत नाहीं, पुसट अक्षर बोटानें घासून पाहत नाहीं. तोच संशोधक कोपऱ्यांतील बंदुकीकडे वळला म्हणजे मात्र ‘लोहाराकडून बूड उघडून स्वच्छ करून घ्या’ असा सल्ला सहज देऊन जातो. हा सल्ला आम्हीं स्वतःही पूर्वीं दिलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ जुन्या ग्रंथांतील जे आधार दाखविले जातात ते तो अर्थ सांगत नाहींत, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख आहे.

प्रथम वस्तूचा विचार करूं. ठासणीची बंदूक तोंडानें भरतात. तिची नळी लोखंडाच्या गजाभोंवतीं घडवीत असल्यामुळें ती आरंभीं दोहों बाजूंनीं उघडी असते. मागील टोंक दट्ट्यानें बंद करावें लागतें. दारूचा सर्व धक्का ह्या दट्ट्यावर बसतो आणि रंजकाचा कान त्याच्या लगत असतो. कांहीं नळ्यांत हा दट्ट्या मळसूत्राच्या आट्यांनीं बसविलेला असतो, तर कांहींत तो तापवून व ठोकून कायमचा जोडलेला असतो. गंज चढल्यावर बाहेरून हा भेद ओळखणें कठीण जातें. हें काम सोपें नव्हे. जपानांत तानेगाशिमा बेटावर इ. स. १५४३ मध्यें पोर्तुगीज बंदूक पोंचली, तेव्हां तेथील लोहारांनीं नळी हुबेहूब घडविली. पण तिचें बूड बंद करण्याची कला त्यांस साधेना, व पुढील वर्षीं आलेल्या परकी कारागिराकडून ती शिकावी लागली, अशी हकीकत ‘तेप्पोकी’ नामक सतराव्या शतकाच्या आरंभींच्या जपानी लेखांत आहे. तात्पर्य, बंदूक कोणीं, कोठें व कोणत्या पद्धतीनें केली याचा सर्वांत बोलका पुरावा नळीच्या बुडाशीं असतो.

आतां ग्रंथ. पहिला आधार अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’चा. पूर्वीं बळकट माणसास लोखंडी हत्यारांनीं पुष्कळ वेळ खपून एकेक नळी स्वच्छ करावी लागे, परंतु बादशहानें गुराकडून फिरविलें जाणारें असें एक चाक योजिलें कीं त्यायोगें सोळा नळ्या थोडक्या वेळांत साफ होतात, असा त्यांत मजकूर आहे. ब्लॉकमनचें इंग्रजी भाषांतर १८७३ मध्यें पुरें झाल्यापासून हा मजकूर सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि बंदुकीस जोरानें घासणें ही बादशाही रीतच होती, असें त्यावरून म्हटलें जातें. पण संदर्भ पाहावा. हा मजकूर नळी घडविण्याच्या प्रकरणालगत येतो. लोखंडाची पट्टी चपटी करून ती तिरकी पिळीत गजाभोंवतीं गुंडाळावयाची व सांधे आगींत जोडावयाचे, ही नवी कृति तेथेंच दिलेली आहे. अशा नळीचें अंतरंग खडबडीत राहणारच. तें समान करण्यास बळकट माणूस, लोखंडी हत्यारें व पुष्कळ वेळ लागावा हें साहजिक आहे. उडविलेल्या बंदुकीची काजळी धुण्यास यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. म्हणून आमच्या मतें आईनांतील हें ‘साफ करणें’ कारखान्यांतील आहे, शिलेखान्यांतील नव्हे. शेंकडों वर्षांच्या नळीवर तो प्रयोग करण्यास अबुल फजलची साक्ष काढणें म्हणजे सुताराच्या रंध्याचें वर्णन वाचून जुन्या देव्हाऱ्यावर रंधा मारण्यासारखें आहे.

दुसरा आधार आपल्या घरचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे इ. स. १७१६ च्या सुमाराच्या ग्रंथांत, दुर्गांच्या प्रकरणीं तोफांच्या निगेची आज्ञा आहे. पर्जन्यकाळीं तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफांचे कान मेणानें भरावे, वर पुरेसें आच्छादन घालावें, असा तिचा भावार्थ. दारू, बाण, हुक्के आठां-पंधरा दिवसांनीं हवालदारानें बाहेर काढून उन्हांत वाळवावे व पुनः मोहर करून ठेवावे, हेंही तेथेंच आहे. येथें कोठेंही घासणें नाहीं, उघडणें नाहीं. ओलावा आंत जाऊं न देणें एवढाच सर्व विधीचा हेतु आहे. आज्ञापत्राच्या अभ्यासकांनीं ह्या कलमाकडे राज्यव्यवस्थेचें उदाहरण म्हणून पाहिलें. त्यांतील द्रव्यज्ञान मात्र दुर्लक्षित राहिलें.

मात्र ह्याही आधाराची मर्यादा सांगितली पाहिजे. अमात्यांचा मजकूर तोफांचा आहे. ओतीव तोफेस बहुधा निराळा दट्ट्या नसतो. जिची आठवण परांड्यास अद्यापि निघते ती मुलुखमैदान अहमदनगरास १५४९ मध्यें मुहम्मद रूमीनें पंचरसी धातूची ओतिली. ती १६३२ मध्यें परांड्याहून विजापुरास गेली. तिचें बूड नळीशीं एकजीव आहे. हातबंदुकीस सांधा आहे, आणि मळ व ओलावा नेमके त्या सांध्यांत शिरतात. तेव्हां तोफेचा नियम बंदुकीस लावतांना तो शिथिल न करतां अधिक कडक केला पाहिजे.

एगर्टनच्या १८८० च्या भारतीय शस्त्रांच्या सूचीपासून पुढें जी सूचीपद्धति रूढ झाली, तिचाही येथें थोडा दोष आहे. लांबी, प्रांत, सोन्यारुप्याची कोफ्तगरी यांची नोंद होते. बूड कसें बंद केलें आहे याची क्वचित् होते. ज्याची नोंद होत नाहीं तें जपावें असें कोणास वाटत नाहीं.

ह्या अनास्थेचा परिणाम आम्हीं प्रत्यक्ष पाहिला. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास आम्ही येरमाळ्यास गेलों होतों. येडेश्वरीचे भाविक चुनखडी वेचण्यास लोटले होते. तेथून जवळच एका घरीं कागद पाहत असतां यजमानांनीं मराठेशाहींतील म्हणून एक बंदूक दाखविली. ती आदल्याच दिवशीं एका कारागिरानें कानशीनें घासावयास घेतली होती, व बूड सुटेना म्हणून आतां तें भट्टींत तापवावयाचें ठरलें होतें. बुडाच्या माथ्यावर रुप्याच्या तारेचीं अक्षरें होतीं. त्यांतील ‘श्री’ तेवढा राहिला होता. पुढील ओळ कानशीखालीं गेली होती. नांव होतें, शक होता, कीं केवळ देवतेचें स्मरण होतें, हें आतां कधींच कळणार नाहीं.

आम्हीं गज मागविला. तो तोंडानें आंत सोडला, तोंडापाशीं खूण केली, व बाहेर नळीवर ठेवून पाहिला. टोंक कानाच्या चार बोटें अलीकडेच थांबत होतें. नळी भरलेली होती! आजोबांच्या हातानें ठासलेला बार तसाच आंत असतां ती भट्टींत जाणार होती. कोरडी दारू म्हातारी झाली म्हणून मरत नाहीं. आगीचें नांव निघाल्यावर घरांतील मुलें भोंवतीं जमलीं होतीं, हें आठवलें म्हणजे अजून अंगावर कांटा येतो. नळीचें तोंड निर्मनुष्य दिशेस करून आंत पाणी भरलें व तें दिवसेंदिवस बदललें. सोरा पाण्यांत विरघळून जातो. राहतो तो गंधक व कोळसा. मग गजास मळसूत्री आंकडा लावून चिंधी, गोळी व काळा चिखल जाणत्या माणसाकडून बाहेर काढविला.

त्याच वेळीं दुसरी गोष्ट ध्यानांत आली. कानाच्या जागीं टोपी बसविण्याचा लहान पोकळ खुंट होता. टोपीची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांतील. तेव्हां बंदुकीचें आजचें रूप त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. पण नळी जुनी असून तोड्याची बंदूक मागाहून टोपीची केली असणें शक्य आहे. त्याचा निर्णय बुडाचा सांधा व तेथील लेख यांवरूनच झाला असता. यजमानांच्या समजुतीस ना पुरावा राहिला, ना खंडन.

आतां निगेविषयीं. दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्षारांच्या रूपानें मागें राहतो किंवा धुरांतून जातो. हे क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात आणि दट्ट्याच्या सांध्यांत बसून लोखंड खातात. ते पाण्यांत विरघळतात, तेलांत नाहीं. म्हणून मळावर नुसतें तेल चोपडणें म्हणजे चोरास घरांत कोंडून बाहेरून कडी लावणें होय. ज्या काळीं बंदूक नित्य वापरांत होती त्या काळीं उडविल्यावर लगेच ऊन पाण्यानें धुणें, पूर्ण कोरडी करणें, मग तेल देणें हा क्रम योग्यच होता. संग्रहांतील बंदुकीचा प्रश्न निराळा आहे. ती रिकामी असल्याची खात्री प्रथम करावी. भरलेली निघाल्यास जाणत्यावांचून हात लावूं नये व तिला आग दाखवूं नये. बूड उघडूं नये. चिंच, विटकर व कुरुंद हीं शिकलगाराचीं साधनें पात्यास शोभतात. नळीवरील जौहर व लेख यांचा तीं नाश करतात. सुटा गंज मऊ कापडानें काढून वर पातळ मेण द्यावें, आणि बंदूक भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या, व दुरुस्तीनेंही उडवितां न येणाऱ्या हत्यारास सूट आहे. इतरांस परवाना लागतो. ती खातरजमा मालकानें आधींच करून घ्यावी.

दप्तरांचा शोध करणाऱ्या मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, कागदांच्या यादीखालीं बंदुकीचीही एक ओळ लिहावी : नळीची लांबी, बाहेरून दिसेल तितका बुडाचा घाट, कानाचा प्रकार, लेख असल्यास त्याचा ठसा किंवा छायाचित्र. येरमाळ्याच्या त्या नळीवरील ओळ आम्हीं एक दिवस आधीं गेलों असतों तर वाचतां आली असती. दुसऱ्या कोणा घरीं ती अद्यापि गंजाखालीं सुरक्षित असेल. गंजानें तिला इतकीं वर्षें राखली, आपण तिला कानशीखालीं देऊं नये. इत्यलम्.