दफ्तरांतलीं माणसें

मावळांत, तळेगांव दाभाड्यापासून जवळच, नवलाख उंबरे नांवाचें गांव आहे. या नांवाची व्युत्पत्ति पंडित कशीही लावोत; तें कानावर पडतांच सामान्य मराठी माणसाच्या मनापुढें उभे राहतात ते घरांचे उंबरे: ओळीनें मांडलेले, रांगोळीनें सजलेले, आणि प्रत्येकाच्या मागें एक चूल, एक देव्हारा व जुन्या कागदांची एक पेटी असलेले. माणसाची ओळख आपल्याकडे प्रथम उंबऱ्यावरून होते. तुम्ही कुठले, हें विचारल्यावांचून आपलें बोलणें पुढें सरकत नाहीं, आणि कित्येकांच्या तर आडनांवांतच गांवाचा पत्ता लिहिलेला असतो. मग ज्याचा उंबराच गेला, त्याची ओळख कशांत शोधावयाची? प्रस्तुत लेख या प्रश्नासाठीं आहे. त्याचें निमित्त आहे तें नाझी छळांतून निसटून मुंबई इलाख्यांत आलेल्या यहुदी कुटुंबांचीं कागदपत्रें, आणि तीं कोणत्या दृष्टीनें वाचावींत हा वाद.

जुन्या कागदांचें महत्त्व मराठी वाचकास सांगावयास नको. 1898 सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि तेव्हांपासून माळ्यावरच्या बाडाकडे आदरानें पाहण्याची संवय आपणांस लागली. परंतु त्या अभ्यासांत आपण जीं पत्रें वाचतों तीं बहुधा मोहिमेचीं, वतनाचीं, राजकारणाचीं, म्हणजे कोणाच्या तरी मानाचीं असतात. येथें जे कागद आहेत, त्यांतील पुष्कळसे माणसाचा मान हिरावून घेण्यासाठींच लिहिले गेले. अशा कागदांना ‘साधन’ म्हणतांना लेखणी क्षणभर थबकली पाहिजे.

हकीकत थोडक्यांत अशी. 1933 च्या जानेवारींत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं यहुद्यांचें नागरिकत्व हिरावून घेतलें. 1938 च्या मार्चांत ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, आणि त्याच वर्षीं 9 व 10 नोव्हेंबर रोजीं यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें जळालीं, दुकानें फुटलीं, हजारों पुरुष छावण्यांत डांबले गेले. त्यापूर्वीं जुलैंत फ्रान्समधील एव्हियां येथें 32 राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले होते. सहानुभूतीचीं भाषणें पुष्कळ झालीं. दारें मात्र बहुतेकांनीं लावूनच ठेविलीं. पुढें साठ लाख यहुद्यांची हत्या झाली. लावलेल्या दारांच्या फटींतून जीं थोडीं माणसें हिंदुस्थानांत पोहोंचलीं, त्यांची संख्या अभ्यासक एक हजारापासून कांहीं हजारांपर्यंत निरनिराळी सांगतात. त्यांतील पुष्कळांनीं प्रथम पाऊल ठेविलें तें मुंबईच्या बंदरावर. अनिल भट्टी व योहान्नेस फोइग्ट यांनीं 1999 सालीं संपादिलेला इंग्रजी लेखसंग्रह आणि मार्गिट फ्रांझ यांचा 2015 चा जर्मन ग्रंथ यांमुळें या माणसांचीं दफ्तरें आतां अभ्यासकांच्या नजरेंत आलीं आहेत. प्रश्न उरतो तो वाचण्याचा.

या दफ्तरांत तीन हात लिहीत आहेत असें आम्हांस वाटतें, आणि ते वेगळे ओळखतां येणें हीच येथें टीकेची पहिली पायरी होय. पहिला हात छळणाऱ्याचा. याचें अक्षर सुबक, रकाने सरळ, तारखा बिनचूक. 1938 च्या ऑगस्टमध्यें निघालेल्या हुकुमानें, 1939 च्या आरंभापासून, ज्यांचें नांव सरकारी दृष्टीनें पुरेसें यहुदी नव्हतें अशा प्रत्येक पुरुषाच्या नांवापुढें ‘इस्रायल’ आणि प्रत्येक स्त्रीच्या नांवापुढें ‘सारा’ हें जादा नांव जोडण्यांत आलें. 1938 च्या ऑक्टोबरपासून त्यांच्या पारपत्रावर यहुदी या अर्थाच्या जर्मन शब्दाचें आद्याक्षर तांबड्या शाईनें उमटूं लागलें. आतां याच शब्दाचें आपल्याकडील भाग्य पाहा. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या कुलाब्यांत, स्वतःला बेने इस्रायल, इस्रायलचीं लेंकरें, म्हणविणारा मराठीभाषी समाज शतकानुशतकें नांदला. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशीं गांवच्या उंबऱ्याचीं आडनांवें त्यानें घेतलीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनिवार-तेली म्हणत. त्यांतील बहुतेक कुटुंबें 1948 नंतर इस्रायलला गेलीं, तरी आडनांवांतलें कोंकण त्यांच्याबरोबर गेलें. एकच नांव कोंकणांत वंशाचा अभिमान झालें आणि बर्लिनच्या कचेरींत डाग देण्याची सळई झालें. शब्द तोच, तो कोणाच्या हातानें लिहिला, यावर त्याचा अर्थ ठरला. निर्वासितांच्या कागदांवर ‘इस्रायल’ हें मधलें नांव वाचून तें त्या गृहस्थाचें पाळण्यांतलें नांव समजणारा वाचक नकळत छळणाऱ्याच्याच हातानें नक्कल करीत असतो.

दुसरा हात द्वारपालाचा. हा क्रूर नाहीं. तो सावध आहे. 1934 सालीं मुंबईंत ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था निघाली. येणाऱ्याचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाहीं अशी हमी ती देई, आणि ही हमी पाहून प्रवेशाचा परवाना मिळे. या पत्रव्यवहारांतील भाषा पाहण्यासारखी असते: अर्जदाराचा धंदा, वय, मिळकत, येथें उपयोग काय. माणूस कसा आहे हें विचारण्यास तेथें रकानाच नाहीं. मग 3 सप्टेंबर 1939 रोजीं युद्ध पुकारलें गेलें आणि द्वारपालानें एका रात्रींत नवा शब्द शोधिला: शत्रु. ज्यांना जर्मनीनें यहुदी म्हणून हांकलिलें, त्यांतील पुष्कळांना येथें जर्मन म्हणून अहमदनगरच्या छावणींत, कांहीं वेळां पक्क्या नाझींच्या शेजारीं, ठेवण्यांत आलें. चौकशी समितीनें बरेच जण सोडले. 1940 सालीं हिटलरच्या फौजा पश्चिमेकडे सरकतांच पुन्हां धरपकड झाली. कुटुंबवाल्यांसाठीं व पॅरोलवर ठेवावयाच्या लोकांसाठीं सातारा आणि पुरंदर येथें छावण्या होत्या.

पुरंदर म्हटलें कीं आपल्याला 1657 सालचा संभाजीराजांचा जन्म आठवतो, 1665 सालचा मुरारबाजीचा पराक्रम आठवतो. त्याच तटांच्या आंत विसाव्या शतकांत युरोपांतलीं कुटुंबें हजेरी देत होतीं, ही गोष्ट आपल्या गडवर्णनांत सहसा येत नाहीं. त्या काळाचा विपरीत न्याय एका प्रसिद्ध उदाहरणानें स्पष्ट होईल. लिओपोल्ड वाइस हा यहुदी कुळांत जन्मलेला लेखक 1926 सालीं मुसलमान होऊन मुहम्मद असद झाला. ऑस्ट्रियाचें पारपत्र होतें म्हणून हिंदुस्थान सरकारनें 1939 पासून 1945 पर्यंत त्याला शत्रुराष्ट्रीय म्हणून स्थानबद्ध केलें. आणि त्याच वर्षांत त्याचे वडील व बहीण नाझींच्या हातीं यहुदी म्हणून मरण पावलीं. एका दफ्तरांत मुलगा जर्मन, दुसऱ्या दफ्तरांत बाप यहुदी! दोन्ही नोंदी कायदेशीर होत्या.

तिसरा हात खुद्द छळलेल्याचा, आणि त्याचे कागद सर्वांत थोडे व सर्वांत तुटक. वॉर्सामध्यें इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकारानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कोंडवाड्यांतील जीवनाचीं टिपणें जमवून पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत पुरून ठेविलीं. त्यांतील दोन सांठे 1946 व 1950 सालीं जमिनींतून निघाले. आपलें चरित्र शत्रूच्या अक्षरांत उरूं नये, एवढाच तो हट्ट. मुंबईस पोहोंचलेल्यांच्या वाट्याला मात्र युद्धकाळांत रेड क्रॉसचे छापील नमुने आले. त्यांवर 25 शब्दांहून अधिक मजकूर लिहितां येत नसे. 25 शब्दांत आई मुलाला काय लिहील? प्रकृति ठीक आहे; काळजी करूं नये; बदललेला पत्ता. अलंकारशास्त्रांत अशा गद्याला जागा नाहीं. तरीही आम्ही म्हणतों कीं त्याची वाचनपद्धति शिकल्यावांचून विसाव्या शतकाचें वाङ्मय आपणांस कळणार नाहीं. कारण त्यांत अर्थ शब्दांत नसून पत्त्याच्या बदलण्यांत आहे, आणि शेवटचा अर्थ तर पुढचें पत्र न येण्यांत आहे.

या तिन्ही हातांकडे दुर्लक्ष करून आपल्याकडे जें चौथें वाचन रूढ झालें आहे, त्याविरुद्ध आमची तक्रार आहे. निर्वासितांची आठवण निघाली कीं लगेच देणग्यांची यादी सुरू होते. 1934 सालीं मुंबईस आलेला वॉल्टर काउफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख होता, आणि आकाशवाणीच्या ओळखीच्या सुरावटीचें श्रेय त्याला दिलें जातें. रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर व इमान्युएल श्लेसिंगर यांनीं मुंबईच्या तरुण चित्रकारांना हात दिला. 1947 सालीं ज्या प्रोग्रेसिव्ह मंडळांत आरा, बाकरे, गाडे, हुसेन, रझा व सूझा एकत्र आले, त्याला या पाहुण्यांचा आधार होता. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर हिनें मुंबईंत नृत्यशाळा काढली. हें सर्व खरें आहे, आणि कृतज्ञता हा सद्गुणच आहे. पण या यादीची कसोटी कोणती? ती द्वारपालाचीच कसोटी आहे: हा माणूस आपल्या काय उपयोगाचा! ज्यानें सुरावट दिली नाहीं, चित्र विकत घेतलें नाहीं, जो पंधरा वर्षें एखाद्या दुकानाच्या वह्या लिहून निमूटपणें मेला, त्याला या कृतज्ञतेच्या दरबारांत प्रवेश नाहीं. परवाना देणाऱ्या कारकुनाला निदान वरिष्ठांचा हुकूम तरी होता; आपण टीकाकार तोच नियम स्वखुषीनें पाळतों.

शिवाय अशा यादींत दुःखाचा अर्धा भाग गळून पडतो. होल्गरबाईंची आई व अनेक नातलग युरोपांतच मारले गेले. काउफमनची पहिली पत्नी गेर्टी ही कादंबरीकार फ्रान्झ काफ्का याच्या बहिणीची मुलगी; ती मुंबईंत राहिली, आणि काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मेल्या. कचेऱ्या, दारें आणि द्वारपाल यांवर ज्यानें इतकें लिहिलें त्याची भाची आपल्या शहरांत होती, आणि त्याचा मित्र विली हास, ज्यानें पुढें 1952 सालीं काफ्काचीं मिलेनास लिहिलेलीं पत्रें संपादिलीं, तोही 1939 पासून मुंबईंत चित्रपटकथा लिहून पोट भरीत होता. हा योगायोग मिरविण्यासाठीं नव्हे. अशी माणसें जवळून गेलीं आणि आपण त्यांना हकीकत विचारली नाहीं, ही रुखरुख लागावी म्हणून सांगितला.

दफ्तराला जें साधत नाहीं तें ललितकृतीनें साधावें अशी अपेक्षा असते. या बाबतींत अनिता देसाई यांची 1988 सालची इंग्रजी कादंबरी ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ हिचा विचार टाळतां येणार नाहीं. तिचा नायक ह्यूगो बाउमगार्टनर कोणाच्याच उपयोगाचा नाहीं, हेंच त्या कादंबरीचें मोठेपण. बर्लिनहून आलेला, सहा वर्षें छावणींत काढलेला, म्हातारपणीं मुंबईंतील एका कोंदट खोलींत मांजरें पाळून राहणारा हा गृहस्थ शेवटीं एका तरुण जर्मनाच्याच हातून मरतो. त्याच्या आईचीं त्रोटक पत्रें कथेच्या दोन्ही टोकांना ठेवून लेखिकेनें 25 शब्दांच्या त्या गद्याला प्रथमच योग्य मान दिला आहे. पण येथें दफ्तरानें कादंबरीलाही कांहीं शिकवावें असें आहे. बाउमगार्टनर इतका एकाकी, इतका निश्चेष्ट रंगविला आहे कीं निर्वासित म्हणजे केवळ वाहत जाणारें लाकूड असा ग्रह व्हावा. कागद तसें सांगत नाहींत. हमीसाठीं धडपडणारे, वर्गणी गोळा करणारे, अर्जामागून अर्ज करून मागें राहिलेल्या आईबापांना सोडवूं पाहणारे लोक त्यांत पानोपानीं भेटतात. त्यांचा पराभव झाला हें खरें. पण पराभव होण्यापूर्वीं ते लढले, हेंही तितकेंच खरें, आणि तें सांगणें हा करुणरसाचा भंग नव्हे.

आतां एक कडू गोष्ट. या दफ्तरांत आपलाही चेहरा दिसतो. त्या वर्षांत आपल्याकडील कांहीं पुढाऱ्यांना व पत्रांना हिटलर हा इंग्रजांचा शत्रु म्हणून गोड वाटत होता. 1938 च्या नोव्हेंबरांत गांधीजींनीं ‘हरिजन’मध्यें जर्मनींतील यहुद्यांना सत्याग्रहाचा मार्ग सांगितला, आणि मार्टिन बूबर यांनीं पुढच्या वर्षीं त्यांस उत्तर लिहून तुमचे मोजमाप आमच्या संकटाला पुरत नाहीं अशा आशयाची तक्रार केली. नेहरूंनीं निर्वासितांना थारा देण्याचा आग्रह धरला. सर्वांना तो पटला नाहीं. उलटपक्षीं, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या आठवणी तेथें आजही मायेनें सांगतात. म्हणजे आपल्या मातींत माया नाहीं असें नव्हे. ती कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाहीं, याचा हिशेब मांडण्याचें काम राहिलें आहे. हा हिशेब मांडणें परक्यांवरील उपकार नव्हे. आपल्याच पुरंदराचा, अहमदनगराचा, मुंबईचा तो इतिहास आहे.

नवलाख उंबरे असलेल्या गांवाची कल्पना करणें सोपें. साठ लाख विझलेल्या चुलींची कल्पना करणें मनाला झेपत नाहीं, आणि ती करूंही नये. संख्येपुढें मन बधिर होतें. एका वेळीं एक कागद घ्यावा; तो कोणत्या हातानें लिहिला तें पाहावें; लादलेलें नांव बाजूला सारून मूळ नांव मोठ्यानें वाचावें; आणि मग, एखाद्या परगांवच्या पाहुण्याला आपण विचारतों त्याच साधेपणानें विचारावें कीं, तुम्ही कुठले? उत्तर येणार नाहीं. पण तो प्रश्न विचारतांना आपण ज्या आदरानें उंबऱ्यावर उभे राहतों, तोच आदर या वाङ्मयाच्या टीकेचा खरा आरंभ होय.