कबड्डीतली साखळी आज चालते का?

मंडळी, आजचं व्याख्यान कबड्डीवर आहे म्हटल्यावर काही जणांना नवल वाटलं असेल. पण प्रश्न आमच्या जुन्याच विषयातला आहे. सात माणसं एका बाजूला उभी राहिली की त्यांचा संघ होतो, की ती नुसती सात माणसंच राहतात? बचावाच्या साखळीकडे बघताना हा प्रश्न टाळता येत नाही.

सध्या दोन मतं ऐकू येतात. तरुण मुलं म्हणतात, हात धरून उभं राहणं जुनं झालं. २०१४ ला प्रो कबड्डी आली, खेळ वेगवान झाला, आता एकट्याने सूर मारून घोटा पकडायचा. जुने खेळाडू म्हणतात, हात सोडला म्हणून पकडी सुटायला लागल्या. आम्हाला दोन्ही मतं अपुरी वाटतात, कारण दोघंही साखळी म्हणजे धरलेला हात एवढंच समजतात.

जरा मापं बघू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यातली दोन्ही कडेची एकेक मीटरची राखीव क्षेत्रं झटापट सुरू होईपर्यंत बंद असतात. म्हणजे स्पर्श होईपर्यंत सात बचावपटूंना आठ मीटर रुंदी राखायची असते आणि स्पर्श झाला की तीच रुंदी एकदम दहा मीटर होते. एकेकाने ती राखणं अवघड. म्हणून दोन-तीन-दोन अशी रचना आली. दोन्ही कोपऱ्यांत जोड्या, मध्ये तिघं. कोपरारक्षक घोट्याला गेला की चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, आणि ती वाट शेजारच्याने बंद करायची. शेजारी निघाला हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. तेव्हा साखळीतल्या हाताचं पहिलं काम कळवण्याचं आहे; ओढण्याचं काम नंतरचं.

आता आक्षेप घेऊ. प्रदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईत ३६९ गुण मिळवले, आणि त्याचं नाव झालं ते डुबकीमुळे. बचावपटू ताठ उभे असले की धरलेल्या हातांची कमान होते आणि तिच्याखालून वाकून निघायला जागा मिळते. हा आक्षेप खरा आहे. पण यातून सिद्ध काय होतं? ताठ आणि सतत धरलेली साखळी हरते, एवढंच. एकट्याने खेळणं बरं, असं त्यातून निघत नाही.

नियमांकडे बघितलं तर उत्तर आणखी स्पष्ट होतं. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हा बोनस चालू असतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर, आणि तिच्यामागे उरतात पावणेदोन मीटर. साखळी मागे दबून बसली की गुण फुकट जातो. तिला पुढे सरकावंच लागतं. चार-पाच जण उरले की बोनस बंद. आता साखळी थांबून वाट बघू शकते. त्यात प्रो कबड्डीच्या नियमाने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे ज्या नियमाने खेळ वेगवान केला, त्यानेच चढाईपटूला साखळीच्या तोंडाशी आणून सोडलं! आणि तिघं किंवा त्याहून कमी उरले की आठ मीटर राखणं शक्यच नाही. तिथे जोडीने किंवा एकट्याने धाडस करायचं. अव्वल पकडीचा जादा गुण त्याच धाडसाचा. तेव्हा ‘साखळी चालते का’ याच्याआधी ‘किती जण उरलेत’ हे विचारायला हवं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच वाद चालतो. तिथे पास अडवताना एकेका माणसामागे धावायचं, की मैदानाचे भाग वाटून घ्यायचे? भाग राखण्याची पद्धत कालबाह्य झाली असं म्हणणारे तिथेही आहेत. पण २०१३ च्या हंगामात डेन्व्हरने ६०६ गुणांचा विक्रम केला, आणि अंतिम सामन्यात सिअॅटलने, मुख्यतः भाग राखूनच, त्यांना ४३–८ असं हरवलं. पुढे आक्रमकांनी एकाच भागात दोन-तीन माणसं घुसवून वाट काढली. मग बचावाने उत्तर दिलं: आधी भाग राखा, त्यात कुणी शिरला की त्याला धरा. पद्धत टिकली, पण बदलून.

आपल्याकडे ही जाण महाग पडून आली. १९९० पासून आशियाई खेळांत पुरुष कबड्डीचं सुवर्ण भारताचंच होतं. २०१८ मध्ये जकार्ताला उपान्त्य सामन्यात इराणने आपल्याला १८ गुणांवर रोखलं. त्यांचे २७ झाले. तिथला फजल अत्राचली आपण डावा कोपरारक्षक म्हणून ओळखतो. पण कोपऱ्यातला माणूस घोटा धरतो तेव्हा उरलेले वेळेवर पोचले नाहीत, तर त्या घोट्याचा काय उपयोग?

आमची खरी तक्रार गुणपत्रकाबद्दल आहे. पकड तिघांची असते, खात्यावर नाव एकाचं लागतं. मुलं मोबाइलवर तेच नाव आणि तोच सूर बघतात, आणि मैदानावर सगळ्यांनाच कोपरा हवा असतो. वाट बंद करणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही. पिंप्राळ्यात आषाढीला रथ निघतो. दोराला शेकडो हात लागतात आणि चाकाखाली मोगरी लावणारे मोजकेच असतात. त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? पण मोगरी चुकली तर रथ भलतीकडे जाईल, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून प्रशिक्षकांना आमचं सांगणं एवढंच: हात कधी धरायचा याइतकंच तो कधी सोडायचा हे शिकवा. आणि सामना संपल्यावर पकड कोणाच्या नावावर गेली हे वाचून दाखवताना, वाट कोणी अडवली तेही नाव घेऊन सांगा. पुढच्या सामन्यात तो पोरगा हात सोडून पळणार नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ.